एकाच वेळी अनेक डोमेन नावे घ्यायची असतील तर रजिस्ट्रार कसा निवडावा

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी संकेतस्थळ काढायचे ठरवते, तेव्हा पहिल्या बैठकीत संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, एकच नाव पुढे आलेले असते. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याची चाळीस होतात. वरुड हे नाव इंग्रजीत डब्ल्यूने लिहिणारे आणि व्हीने लिहिणारे असे दोन्ही पक्ष संचालक मंडळात असतात, कोणाला 'संत्रा' हवे असते तर कोणाला 'ऑरेंज', कोणी डॉट कॉमचा आग्रह धरतो तर कोणी डॉट इनचा, आणि शेवटी अध्यक्ष म्हणतात की सगळीच घेऊन टाकू, नव्व्याण्णव रुपयांना तर मिळतात. ती जाहिरात खोटी नसते, पण ती पहिल्या वर्षापुरती असते. चाळीस नावांचा संसार मात्र पुढे पाच-दहा वर्षे चालवायचा असतो, आणि रजिस्ट्रार, म्हणजे ही नावे नोंदवून देणारी कंपनी, निवडताना विचार करायचा तो त्या वर्षांचा.

आधी यादीला कात्री लावावी

रजिस्ट्रार शोधण्यापूर्वी यादी कागदावर लिहून काढावी आणि प्रत्येक नावापुढे ते कशासाठी हवे आहे हे एका ओळीत लिहावे. ज्या नावापुढे काही लिहिता येत नाही ते खोडावे. चौदा महिला बचत गटांना स्वतंत्र पान हवे असेल तर त्यासाठी चौदा डोमेन नावे लागत नाहीत. मुख्य नावाच्या आधी गटाचे नाव आणि एक बिंदू जोडला की सबडोमेन तयार होते, आणि अशी कितीही सबडोमेन काढली तरी रजिस्ट्रारला एक पैसाही द्यावा लागत नाही. ही गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही. आमच्या यादीत सुरुवातीला ६४ नावे होती, खरेदी झाली ती ३८ची, आणि आज मागे वळून पाहता त्यातलीही दहा-बारा टाळता आली असती.

खरोखर घ्यावीत अशी नावे तीन प्रकारची असतात. मुख्य नाव डॉट कॉम आणि डॉट इन या दोन्हींत घ्यावे. जे नाव पेटीवर, पाकिटावर किंवा बिलावर छापले जाणार आहे ते घ्यावे. आणि इंग्रजी लिखाणातील नेहमीच्या फरकांची नावे घ्यावीत, जी आपल्या भागात जरा जास्तच लागतात, कारण बुलडाण्याच्या इंग्रजी लिखाणात एच कधी असतो, कधी नसतो, आणि यवतमाळ व अमरावती यांची इंग्रजांच्या काळातील लिखाणे आजही जुन्या कागदांवर आढळतात. देवनागरीतील नाव हवे असल्यास डॉट भारत हा पर्याय २०१४ पासून उपलब्ध आहे. तो प्रत्येक रजिस्ट्रारकडे मिळत नाही, तेव्हा यादीत असे एक जरी नाव असेल तरी निवडीचे क्षेत्र तिथेच बरेच आकसते.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाच्या नावाबाबत सावध राहावे. नागपुरी संत्रे, वायगावची हळद, भिवापूरची मिरची ही नावे कोणा एका व्यापाऱ्याची नाहीत, आणि मानांकन ज्या संस्थेच्या नावे नोंदले आहे तिच्या संमतीशिवाय ते नाव डोमेनमध्ये अडकवून ठेवले तर तक्रार होऊ शकते. डॉट इनच्या वादांसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसारख्यांसाठी यूडीआरपी अशा स्वतंत्र निवाडा पद्धती आहेत आणि त्यांत नाव काढून घेतले जाऊ शकते. आणखी एक खुलासा सहकारी बँकांसाठी करावा लागतो: रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी डॉट बँक डॉट इन ही वेगळी व्यवस्था लावून दिली आहे आणि त्याची नोंदणी फक्त आयडीआरबीटी या संस्थेकडे होते, म्हणून बँकेच्या मुख्य नावासाठी या लेखातला बाजार फिरण्याचे कारण नाही.

आपण विकत काय घेतो

डोमेन 'विकत घेतले' असे आपण बोलतो, पण व्यवहार मक्त्यासारखा असतो. तलावाचा मक्ता जसा ठरावीक वर्षांसाठी मिळतो आणि मुदतीत पैसे न भरल्यास दुसऱ्याकडे जातो, तसेच नावाचे असते; डॉट कॉम असो वा डॉट इन, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी करता येते. सगळ्यात वर नियम ठरवणारी आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिच्याखाली नावाच्या प्रत्येक शेवटासाठी एक रजिस्ट्री असते, म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था: डॉट कॉम आणि डॉट नेटची व्हेरिसाइन, तर डॉट इन आणि डॉट भारतची निक्सी, म्हणजेच नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. या नोंदवहीत आपल्या वतीने नोंद घालण्याचा अधिकार ज्याला आहे तो रजिस्ट्रार. त्याच्याही खाली रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची सेवा पुढे विकणारे, असतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी संकेतस्थळे बनवून देणारी बहुतेक दुकाने या वर्गात मोडतात.

रिसेलर वाईट असतो असे नाही, पण चाळीस नावे त्याच्या हाती देताना त्याच्या मागे कोणता रजिस्ट्रार आहे हे विचारलेच पाहिजे. तो रजिस्ट्रार डॉट कॉमसाठी आयकॅनच्या आणि डॉट इनसाठी निक्सीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते. दोन्ही याद्यांत असेल तरच पुढे बोलावे, कारण एकाकडे कॉम आणि दुसऱ्याकडे इन अशी वाटणी झाली की दोन खाती, दोन बिले आणि दोन पासवर्ड सांभाळावे लागतात, आणि त्यातला एक हमखास हरवतो.

किमतीचा खरा हिशेब

सप्टेंबर २०२४ पासून डॉट कॉमची घाऊक किंमत, म्हणजे रजिस्ट्रारने व्हेरिसाइनला द्यायची रक्कम, वर्षाला १०.२६ डॉलर आहे, आणि जुलै २०२५ पासून आयकॅनचे शुल्क त्यावर २० सेंट लागते. रुपयांत ही रक्कम नऊशेच्या आगेमागे जाते. याचा अर्थ असा की जो विक्रेता डॉट कॉम शंभर-दीडशे रुपयांना देतो तो पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून पैसे घालत असतो, आणि ते तो पुढच्या वर्षांत वसूल करणार हे उघड आहे.

उदाहरणादाखल दोन विक्रेते कल्पू. पहिला पहिल्या वर्षी १४९ रुपये घेतो आणि नूतनीकरणाला १,४९९. दुसरा सुरुवातीपासून सरळ १,०५० घेतो. चाळीस नावे पाच वर्षे ठेवायची तर पहिल्याकडे ५,९६० अधिक चार वर्षांचे २,३९,८४० मिळून २,४५,८०० रुपये होतात आणि दुसऱ्याकडे २,१०,०००. एका नावाच्या खरेदीत हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. चाळीस नावांत तो ३५,८०० रुपयांचा होतो. दोन्ही आकड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि दाखवलेली किंमत करासह आहे की कराशिवाय, हेही विचारून घ्यावे. कंपनीची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक येतो ना, हे पाहावे.

नूतनीकरणाचा दर बहुधा छोट्या अक्षरांत किंवा दरपत्रकाच्या वेगळ्या पानावर असतो. तो शोधून, त्या पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवावे. डॉट ऑनलाइन, डॉट शॉप, डॉट एक्सवायझेड अशा नव्या शेवटांबाबत तर हा दर पाहिल्याशिवाय पाऊलच टाकू नये. काही नावे 'प्रीमियम' म्हणून दाखवली जातात, आणि त्यांतल्या काहींचे नूतनीकरणही दरवर्षी त्याच चढ्या भावाने होते.

पैसे कसे भरायचे आणि कधी

आपल्या भागातल्या खरेदीदाराला सर्वांत जास्त अडचण किमतीपेक्षा पैसे भरण्याच्या रीतीत येते. नेमचीप किंवा पोर्कबनसारख्या परदेशी रजिस्ट्रारकडे व्यवहार डॉलरमध्ये होतो, त्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर मुद्दाम चालू करावा लागतो आणि बँक चलन बदलण्याचे शुल्क लावते. बिगरॉक किंवा गोडॅडीसारखे विक्रेते भारतात रुपयांत बिल करतात. कंपनीचे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत असेल तर तिचे कार्ड परदेशी संकेतस्थळावर चालते का, हे आधी एका नावावर पाहावे.

स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबून राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणारी १५,००० रुपयांपेक्षा मोठी वसुली ओटीपीशिवाय होत नाही, आणि चाळीस नावांचे बिल एकत्र आले तर ते ही मर्यादा सहज ओलांडते. ज्याच्या मोबाईलवर तो ओटीपी येणार तो त्या वेळी शेतात असेल, तिथे रेंज नसेल, तर वसुली फसते आणि नाव मुदतीबाहेर जाते. यावर उपाय असा की आगाऊ रक्कम खात्यात जमा ठेवता येईल असा रजिस्ट्रार निवडावा. चेकने किंवा बँक हस्तांतरणाने रक्कम भरली, तिची पावती ताळेबंदाला जोडली आणि नूतनीकरण त्या शिलकेतून होत राहिले, ही रीत लेखापरीक्षकालाही सोपी जाते.

तारखेचा विचार फारसा कोणी करत नाही, पण तो करावा. ज्या दिवशी नाव नोंदवले त्याच तारखेला दरवर्षी मुदत संपते. जूनमध्ये चाळीस नावे घेतली तर दरवर्षी नेमके पेरणीच्या तोंडावर, बियाणे आणि खतासाठी पैसे मोजले जात असताना, चाळीस नावांचे बिल समोर येते. कापूस, सोयाबीन आणि आंबिया बहराच्या संत्र्याचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे हाती येऊ लागतो. म्हणून खरेदी डिसेंबर किंवा जानेवारीत करावी. आधीच जूनमध्ये घेतलेली नावे असतील तर त्यांची तारीख हलवता येते का, असे काही रजिस्ट्रारांना विचारता येते, पण सोय सगळीकडे नसते.

नाव कोणाच्या नावावर

एका गटाचे संकेतस्थळ गावातल्याच एका हुशार मुलाने बनवून दिले होते. डोमेन त्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले, यात त्याचा काही डाव नव्हता. तेव्हा गटाकडे ईमेलच नव्हता. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्याला गेला, जुना मोबाईल क्रमांक बंद झाला, सूचना कोणी न पाहिलेल्या पेटीत पडत राहिल्या आणि नाव सुटले. ते दुसऱ्याच कोणीतरी उचलले. तोवर हळदीच्या चार हजार पाकिटांवर ते छापून झाले होते.

म्हणून रजिस्ट्रारकडे खाते उघडताना नोंदणीदार म्हणून संस्थेचे पूर्ण नाव घालता येते का, आणि एका खात्याखाली वेगवेगळ्या व्यक्तींना मर्यादित अधिकार देता येतात का, हे तपासावे. संकेतस्थळ बनवणाऱ्याला नेमसर्व्हर, म्हणजे हे नाव कोणत्या संगणकावरच्या संकेतस्थळाकडे जाते ते सांगणारी नोंद, बदलण्याचा अधिकार पुरतो; नाव हलवण्याचा किंवा मालक बदलण्याचा अधिकार संचालक मंडळाने ठरवलेल्या दोघांकडेच असावा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नये, कारण डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि किल्ली कुलपाच्या आत राहते. दुहेरी पडताळणी एसएमएसऐवजी मोबाईलवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपने होत असेल तर उत्तम, कारण त्या ॲपला नेटवर्क लागत नाही आणि क्रमांक बदलला तरी अडत नाही. मात्र त्याचे राखीव कोड कागदावर छापून कंपनीच्या कपाटात ठेवावेत.

डॉट इनसाठी नोंदणीदाराची ओळख पडताळली जाते आणि मालकाचे तपशील झाकणारी प्रायव्हसी सेवा तिथे चालत नाही, त्यामुळे घरचा पत्ता आणि खासगी मोबाईल न देता कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आणि कार्यालयाचाच क्रमांक द्यावा. डॉट कॉमसारख्या नावांना प्रायव्हसी मिळते. बरेच रजिस्ट्रार ती मोफत देतात आणि काही तिचे वेगळे पैसे घेतात. चाळीस नावांवर तो आकडाही बघण्यासारखा होतो. नोंदणीनंतर पडताळणीचा ईमेल येतो आणि त्याला १५ दिवसांत प्रतिसाद न दिल्यास रजिस्ट्रार नाव स्थगित करू शकतो, ही गोष्ट सर्वांना सांगून ठेवावी.

चाळीस नावे एका बैठकीत हाताळता यावीत

हा मुद्दा लवकर उरकण्यासारखा आहे, कारण तो वापरून पाहूनच कळतो. नावांची यादी एका फाईलमधून एकदम तपासता आणि घेता यावी. नेमसर्व्हर, संपर्क तपशील, कुलूप (नाव परस्पर दुसरीकडे हलवले जाऊ नये म्हणून लावायची सोय) आणि नूतनीकरण सगळ्या नावांवर एकाच वेळी लावता यावे. आणि मुदतीच्या तारखांसह पूर्ण यादी फाईल म्हणून उतरवून घेता यावी. एपीआय, म्हणजे प्रोग्रॅम लिहून नावे हाताळण्याची सोय, असल्याची जाहिरात आपल्या उपयोगाची नाही, ती शेकड्यांनी नावे ठेवणाऱ्यांसाठी असते.

एक तांत्रिक गोष्ट मात्र जरूर तपासावी. आपली बरीचशी नावे मुख्य संकेतस्थळाकडे फक्त वळवायची असतात, आणि ही वळवणूक बहुतेक रजिस्ट्रार मोफत देतात, पण काहींची वळवणूक एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालत नाही आणि ग्राहकाला धोक्याची सूचना दिसते. क्लाउडफ्लेअर हा रजिस्ट्रार घाऊक किमतीलाच नाव देतो आणि ही अडचण तिथे सोडवता येते, पण त्याची अट अशी की नेमसर्व्हर त्याचेच वापरावे लागतात.

निघून जाण्याची वाट

लग्न जमवताना सोडचिठ्ठीची चौकशी करणे बरे दिसत नाही, पण रजिस्ट्रारच्या बाबतीत ती पहिल्याच दिवशी करावी. मोठे नाव ही हमी नव्हे: २०२३ मध्ये गूगलने आपला गूगल डोमेन्स हा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला आणि ग्राहकांची नावे नव्या घरी गेली. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या अमेरिकी रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने काढून घेतली, तेव्हा लाखो नावांच्या धन्यांना आपले नाव राहते की जाते याची धास्ती लागली होती. नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे ठेवण्याची सक्ती आज रजिस्ट्रारांवर आहे, तिला त्या प्रकरणानंतर खरा जोर आला.

डॉट कॉमसारखे नाव नोंदणीनंतर साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्यानंतर कुलूप उघडून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा गुप्त परवलीचा शब्द, घ्यायचा, तो नव्या ठिकाणी द्यायचा, आणि जुन्या रजिस्ट्रारने अडवले नाही तर पाच दिवसांत नाव हलते. हलवताना भरलेल्या पैशांत मुदत एका वर्षाने वाढते, त्यामुळे शिल्लक काळ वाया जात नाही. विचारायचे ते हे: ऑथ कोड खात्यातून आपल्याला स्वतः काढता येतो, की त्यासाठी ग्राहकसेवेच्या मागे लागावे लागते? चाळीस कोड एकदम मिळतात का?

मुदत संपल्यावर काय होते हेही लेखी घ्यावे. डॉट कॉमसाठी मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंतची सवलत रजिस्ट्रीच्या नियमांत आहे, पण त्यातली किती आपल्याला द्यायची ते रजिस्ट्रार ठरवतो, आणि काही जण त्याच काळात नाव लिलावाला काढतात. पुढे ३० दिवसांचा विमोचनाचा काळ असतो, ज्यात नाव परत मिळते पण त्याचा दंड मूळ दराच्या कितीतरी पट असू शकतो, आणि शेवटचे ५ दिवस तर कोणालाच काही करता येत नाही. दंडाची रक्कम आधीच सांगणारा रजिस्ट्रार त्याबाबत गप्प राहणाऱ्यापेक्षा बरा समजावा.

खरेदीचा दिवस

एवढी चाळणी लावल्यावर दोन-तीन रजिस्ट्रार उरतात. त्यांतल्या पसंतीच्या एकाकडे आधी दोनच नावे घ्यावीत, एक डॉट कॉम आणि एक डॉट इन, आणि दोन आठवडे थांबावे. बिल बरोबर आले का, पडताळणीला किती वेळ लागला, रविवारी विचारलेल्या प्रश्नाला माणसाने उत्तर दिले की नुसत्या यंत्राने, हे या पंधरा दिवसांत समजते. उत्तर हिंदीत मिळाले तरी चालते. ते मुद्द्याचे हवे.

मग उरलेली नावे एकाच बैठकीत घ्यावीत. फाईल एकाने वाचावी आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, कारण चुकीच्या अक्षराचे नाव एकदा नोंदले की पैसे परत मिळतील याची खात्री नसते. टोपलीत ईमेल, एसएसएल, संरक्षण अशा वस्तू आपोआप आलेल्या असतील तर त्या काढाव्यात; ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरवलेला प्रकार आहे, आणि संकेतस्थळ एचटीटीपीएसवर सुरक्षित चालवणारे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळते. मुख्य दोन नावांची नोंदणी पाच वर्षांची करावी, बाकीच्यांची एका वर्षाची, म्हणजे निरुपयोगी ठरलेली नावे पुढच्या वर्षी सोडून देता येतील.

त्याच दिवशी सगळ्या नावांवर कुलूप लावावे, मुदतीच्या तारखांची यादी छापून ठरावांच्या वहीत चिकटवावी, आणि सभेच्या इतिवृत्तात खात्याचा ईमेल व जबाबदार व्यक्तींची पदे लिहून ठेवावीत. पदे लिहिली की संचालक बदलले तरी जबाबदारी खुर्चीबरोबर राहते. ६० दिवस उलटल्यावर यादीतले सगळ्यांत कमी महत्त्वाचे एक डॉट कॉम नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवून पाहावे, आणि ते पाच-सहा दिवसांत विनासायास हलले तरच बाकीच्या नावांची मुदत पहिल्याकडे वाढवावी.